पावसाळ्यात गिटारच्या तारा उचलल्या: सॅडल घासण्याआधी काय काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत डिसेंबरमध्ये घेतलेली अकूस्टिक गिटार मेपर्यंत नीट वाजत होती. आता जुलैत तारा वर उचलल्यासारख्या वाटतात. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची धातूची आडवी पट्टी) जाड तारेखाली 3.4 मिमी आणि बारीक तारेखाली 2.6 मिमी फट भरते. एफ कॉर्ड बसेनाशी झाली आहे. ट्युनरवर मोकळ्या तारा बरोबर दिसतात, पण पाचव्या फ्रेटच्या पुढे कॉर्ड बेसूर लागतात आणि आल्बम लावून सोबत वाजवायला गेलं की सूर जुळत नाही. दुकानदार म्हणतो, सॅडल (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) दोन मिलिमीटर घासून देतो. गणपतीत वाडीच्या मंडळात भावगीतांच्या कार्यक्रमाला साथ करायची आहे. तर सॅडल घासून घ्यावं की गिटारच बदलावी?

तुम्ही आकडे मोजून दिलेत हे फार बरं केलंत. नुसतं "तारा वर आहेत" म्हटलं असतं तर उत्तर अंदाजानेच द्यावं लागलं असतं. गिटार बदलायची काहीच गरज दिसत नाही. पण सॅडलला आत्ता हात लावू नका. घासलेलं सॅडल परत उंच होत नाही, आणि तुमच्या गिटारला जे झालंय त्यातलं निदान काही तरी दसऱ्यानंतर आपोआप उतरणार आहे. मी नेहमी एकच क्रम पाळतो: जे परत फिरवता येतं ते आधी, जे फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी. म्हणजे आधी ओल, मग तारा, मग ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे दांडीच्या आतली तिचा बाक ठरवणारी सळई), मग नट (खुंट्यांच्या बाजूची, तारांच्या खाचा असलेली पट्टी), आणि उरलं तर सॅडल.

दुकानदाराचा हिशोब तपासून बघा. सॅडल जितकं घासाल त्याच्या निम्मी उंची बाराव्या फ्रेटवर कमी होते, कारण बारावा फ्रेट नट आणि सॅडलच्या बरोबर मधोमध असतो. दोन मिमी घासलं तर आज जाड तारेखाली 2.4 आणि बारीक तारेखाली 1.6 मिमी उरेल. आज वाजवायला मस्त वाटेल. पण डिसेंबरात लाकूड सुकून वरची फळी खाली बसली आणि तारा अर्धा मिमी उतरल्या, तर 1.9 आणि 1.1 राहतील. अकूस्टिकवर एवढ्या कमी उंचीत जरा जोरात स्ट्रमिंग केलं की तारा फ्रेटवर आपटून खरखरतात. मग नवं सॅडल आणा, ते परत बसवा. आधी झालेला खर्च वाया.

तारा उचलतात कशाने? गिटारची वरची फळी बहुतेक वेळा स्प्रूसची असते, जाडी तीन मिमीच्या आसपास. लाकूड ओल पितं तेव्हा ते लांबीला जवळजवळ वाढत नाही, रेषांच्या आडवं फुगतं. फळी कडेने चिकटवलेली असते आणि आतून पट्ट्यांनी धरलेली असते, त्यामुळे फुगलेल्या लाकडाला बाहेर पसरायला जागा नसते. ते वर कमान करतं. या कमानीवरच ब्रिज, म्हणजे तारांची टोकं अडकवलेला आणि सॅडल धरणारा तुकडा, बसलेला आहे. फळी वर गेली की ब्रिज वर, ब्रिज वर गेला की सॅडल वर, आणि तारा वर. त्यात स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर असतो (12 ते 53 मापाचा संच असेल तर; हे माप तारांच्या जाडीचं, इंचाच्या हजारांशात), आणि तो ब्रिजला पुढे ओढून त्याची मागची बाजू उचलायला बघतो. गिटार बनवताना साधारण 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता धरलेली असते. कोकणात जुलैत ती दिवसेंदिवस 85 च्या वर असते. म्हणजे तुमच्या गिटारला काही रोग झालेला नाही, ती हवेप्रमाणे वागते आहे. नागपूरकडे मे महिन्यात नेमकं उलटं घडतं: फळी खाली बसते, फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात आणि फार दुर्लक्ष झालं तर फळीला चीर जाते. ओलीने सहसा चीर जात नाही. त्या मानाने तुमचा त्रास सौम्य आहे.

तरी 3.4 सगळं पावसाचं नसणार. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच गिटारी कारखान्यातूनच 2.8 ते 3 मिमीवर येतात, कारण उंच तारा खरखरत नाहीत आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन येत नाही. म्हणून माझा अंदाज असा की काही भाग मुळातलाच आहे, काही पावसाचा, आणि एफ कॉर्डचा त्रास बहुधा नटचा. हे तिन्ही वेगळे काढल्याशिवाय कुठे हत्यार लावायचं ते कळत नाही.

पहिल्यांदा एक तपासणी करा, कारण ती नापास झाली तर पुढचं सगळं थांबवायचं. ब्रिजच्या मागच्या कडेला, म्हणजे नटपासून लांबच्या कडेला, साध्या कागदाची पट्टी सरकवून बघा. 80 जीएसएमचा झेरॉक्सचा कागद सुमारे 0.1 मिमी जाड असतो. कडेला कुठेच आत जात नसेल तर उत्तम. दोन-तीन मिमीपेक्षा जास्त आत सरकला तर ब्रिज सुटायला लागलाय. मग सगळ्या तारा सैल करा आणि गिटार दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. वरून फेविकॉल सोडू नका, जुना गोंद साफ केल्याशिवाय नवा धरत नाही आणि पुढच्या माणसाचं काम दुप्पट होतं. ब्रिजमागे फळीला थोडी कमान दिसणं मात्र स्वाभाविक आहे, बऱ्याच गिटारी मुळात तशाच घडवलेल्या असतात. त्याने घाबरू नका.

आता ओल. एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक घ्या. स्वस्तातली यंत्रं पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून वापरण्याआधी घरीच तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका, झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. मिठाच्या अशा दाट चिखलावरची बंद हवा बरोबर 75 टक्क्यांवर स्थिरावते. मापक 80 दाखवत असेल तर ते पाच जास्त दाखवतंय, एवढं झाकणावर लिहून ठेवा.

गिटार हार्ड केसमध्ये असेल तर काम सोपं. कापडी बॅगेत असेल तर बॅग मोठ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, नाहीतर तुम्ही अख्ख्या खोलीची हवा सुकवत बसाल. आत सिलिका जेल ठेवायचं, साधारण 250 ग्रॅम, दोन कापडी पुरचुंड्यांमध्ये: एक हेडस्टॉकखाली (खुंट्या असलेल्या टोकाखाली), एक नेक आणि बॉडीच्या कोपऱ्यात. लाकडाला थेट दाणे टेकू देऊ नका. बंद केसमधल्या हवेत पाणी फार तर दोन-तीन ग्रॅम असतं. खरं पाणी असतं केसच्या मखमलीत, स्पंजात आणि लाकडात. म्हणून पहिल्या आठवड्यात जेल तीन-चार दिवसांतच संपतं आणि माणसाला वाटतं की ते कुचकामी आहे. तसं नाही, ते केस सुकवत असतं. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या, ओल भरली की ते हिरवं होतं. निळे दाणे टाळा, त्यात कोबाल्टचा क्षार असतो. हिरवे झालेले दाणे ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास ठेवले की परत नारिंगी होतात. ओव्हन नसेल तर जुन्या तव्यावर मंद आचेवर हलवत राहा, पण दाणे काळपट पडले तर आच जास्त झाली असं समजा. आकडा 50 ते 55 च्या दरम्यान आला की थांबायचं. 45 च्या खाली जाऊ देऊ नका, सिलिका जेलला कुठे थांबायचं ते कळत नाही. बाजारात 49 टक्क्यांची दुहेरी पाकिटं मिळतात, ती ओल शोषतातही आणि हवा कोरडी झाली तर सोडतातही. सोय म्हणून चांगली, पण कोकणच्या पावसात त्यांना फार लवकर दम लागतो. आधी सिलिका जेलने केस सुकवा आणि मग ती टाका.

घरात गिटार भिंतीवर टांगून ठेवायची असेल तर बाहेरच्या भिंतीवर नको, ती आतून ओलीच असते. लाकडी कपाटात खाली 15 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लावून ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे, ती शास्त्राला धरून आहे. 27 अंशांची 85 टक्के आर्द्रतेची हवा नुसती 31 अंशांपर्यंत तापली तरी तिची सापेक्ष आर्द्रता 67-68 टक्क्यांवर येते. फक्त दिवा गिटारपासून दोन फूट तरी लांब हवा आणि एलईडी चालणार नाही, तो पुरेसा तापतच नाही. केसमध्ये तांदूळ ठेवू नका, ओल ओढण्यात तो फार कमजोर आहे आणि वर किडे होतात ते वेगळंच. उन्हात तर अजिबात ठेवू नका. बंद गाडीत उन्हाने 60 अंशांच्या वर तापमान जातं आणि तिथे ब्रिजचा गोंद मऊ व्हायला लागतो.

दहा ते पंधरा दिवस द्या. लाकूड घाईत सुकत नाही.

मध्यंतरी तारा बदला. डिसेंबरपासून त्याच असतील तर खाऱ्या हवेत आणि घामात त्या केव्हाच मेल्या आहेत. गंजलेली तार तिच्या पूर्ण लांबीत सारख्या जाडीची राहत नाही, त्यामुळे मोकळी सुरात असूनही दाबल्यावर भलतीकडेच जाते. तुमच्या बेसूर कॉर्डचा एक वाटेकरी तिथेच सापडेल. आत्ता 12 ते 53 असतील तर 11 ते 52 चा फॉस्फर ब्राँझचा संच लावा. ताण साधारण दहा टक्क्यांनी उतरतो, फळीवरची ओढ कमी होते आणि बोटांनाही सुख. आवाज थोडा हलका होतो, हे मान्य करायचं. एका वेळी एक तार काढा म्हणजे नेकवरचा ताण एकदम सुटत नाही. तार खुंटीच्या छिद्रातून काढताना पुढच्या खुंटीपर्यंत, म्हणजे सुमारे चार-पाच सेंटीमीटर, सैल ठेवून मग गुंडाळा. जाड तारांना दोन-अडीच वेढे, बारीक दोघींना तीन-चार. खाली ब्रिजच्या पिनेत तारेच्या टोकाची गोळी नीट अडकली आहे का, हे पिन दाबत तार वर ओढून तपासा. ती पिनेच्या टोकावर टेकलेली असेल तर ट्यून करता करता पिन उडते. तारा लावून झाल्या की प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ बोटाने हळू वर ओढायची, परत ट्यून करायची, असं चार-पाच वेळा. सूर नेहमी खालून वर चढवत आणायचा. वर गेला असेल तर खाली उतरवून पुन्हा वर या, नाहीतर खुंटीच्या दात्यांमधली ढील राहते आणि दोन कॉर्डनंतर तार उतरते.

खुंटी फिरवताना "टिंग" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. 6बी पेन्सिलीचं टोक खाचेत घासा. बारीकशी गोष्ट आहे, पण "गिटार सूर धरत नाही" या तक्रारीतल्या कितीतरी तक्रारी एवढ्याने मिटतात.

ओल उतरली, तारा बसल्या, मग मोजणी. गिटार पाठीवर झोपवून मोजू नका, वाजवताना धरता तशीच धरा, आणि आधी पूर्ण ट्यून करा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि उजव्या हाताने जाड तार चौदाव्या फ्रेटवर (जिथे नेक बॉडीला मिळते तिथे) दाबा. आता ती तार म्हणजे ताणलेली सुतळी, सुतार ओळंबा धरतो तशी सरळ रेघ. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघा. 0.15 ते 0.25 मिमी हवी, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या दीड ते अडीच जाड्या. मोटारसायकलच्या टॅपेटसाठी वापरतात ते पात्यांचं फीलर गेज यासाठी उत्तम, ऑटो पार्टच्या दुकानात सहज मिळतं. फट 0.4 च्या वर असेल तर नेक पुढे वाकली आहे आणि ट्रस रॉड घट्ट करायला हवा. फट मुळीच नसेल आणि खालच्या फ्रेटवर खरखर असेल तर तो सैल करायचा. ओलीत नेक कुठल्या बाजूला जाईल हे लाकडावर आणि फिंगरबोर्डवर अवलंबून असतं, प्रत्येक गिटार वेगळी वागते. इथे अंदाज चालत नाही, मोजावंच लागतं.

ट्रस रॉडची चावी काही गिटारींत ध्वनिछिद्रातून आत लागते, काहींत हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली. बहुतेकांना 4 किंवा 5 मिमीची अ‍ॅलन की बसते, काहींना इंचाच्या मापाची. जी अजिबात न हलता घट्ट बसते तीच खरी. ढिली चावी फिरवली तर आतली षट्कोनी खाच गोल होते आणि मग ती दुरुस्ती महागात पडते. चावीच्या बाजूने बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की घट्ट. मधल्या दोन तारा थोड्या सैल करून एका वेळी अष्टमांश, फार तर पाव फेरा फिरवा. पुन्हा ट्यून करा, एक रात्र जाऊ द्या, पुन्हा मोजा. चावीला जोर लावावा लागतोय असं वाटलं की तिथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या. आणि एक चूक सर्रास होते ती टाळा: तारांची उंची कमी करायला ट्रस रॉड पिळायचा नाही. तो नेकचा बाक ठरवतो, उंची हा त्याचा दुय्यम परिणाम आहे.

आता तुमची एफ कॉर्ड. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि एक घर पुढे सरकून तीच एफची मांडणी दुसऱ्या फ्रेटवर पकडा. कॅपोमुळे नटचं काम आता फ्रेट करतोय. कॉर्ड एकदम सोपी झाली तर दोष तुमच्या बोटांचा नाही, नट उंच आहे. दुसरी खूण: प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते बघा. बोटाने टिचकी मारल्यावर जेमतेम "टिक" ऐकू येईल इतकीच हवी. तिथे झेरॉक्सचे तीन-चार कागद सहज जात असतील तर नट फार उंच. उंच नटमुळे नुसतं बोट दुखत नाही, पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मग ट्युनरवर सहाही तारा हिरव्या दिसतात आणि सी किंवा एफ वाजवली की कानाला खुपते.

नटच्या खाचा मात्र घरी घासू नका. त्याला तारेच्या जाडीच्या खास कानशी लागतात आणि खाच हेडस्टॉककडे उतरती ठेवावी लागते. एक फेरा जास्त झाला की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासून झणझणते. तानपुऱ्यात हीच झणझण मुद्दाम काढतात. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून आणि खाली सुताचा धागा सरकवून तार किती लांबीवर हलकी टेकेल ते ठरवतात, आणि त्या जवारीसाठी त्यांच्या हाताचं नाव आहे. गिटारमध्ये तेच टेकणं दोष ठरतं. दुकानदार सॅडल घासायला तयार आहे पण त्याच्याकडे नटच्या कानशी आहेत का, हे विचारून बघा. उत्तरावरून तो दुरुस्ती जाणतो की नुसती विक्री, ते समजेल.

एवढं झाल्यावर परत बाराव्या फ्रेटवर मोजा. जाड तारेखाली 2.3 ते 2.5 आणि बारीक तारेखाली 1.7 ते 2.0 मिमी ही बहुतेकांना सोयीची उंची. बोटांनी हळुवार वाजवणाऱ्याला याहून कमी चालते, जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला थोडी जास्त लागते. तुम्ही साथ करणार आहात, म्हणजे स्ट्रमिंगच जास्त, तेव्हा 2.5 च्या खाली जायची घाई नको. समजा सगळं करून जाड तार 3.0 वर आली आणि तुम्हाला 2.5 हवी आहे. फरक 0.5, म्हणून सॅडलच्या तळातून 1 मिमी काढायचा. पण मूळ सॅडलमधून नाही. त्याच लांबी-जाडीचं हाडाचं सॅडल विकत घ्या, ते घासा, आणि मूळ सॅडल केसच्या खिशात जपून ठेवा. कोकणात राहणाऱ्याकडे पावसाळ्याचं एक आणि हिवाळ्याचं एक अशी दोन सॅडल असणं अगदी शहाणपणाचं आहे, बदलायला दहा मिनिटं लागतात.

घासताना वरची बाजू नाही, तळ घासायचा. पेन्सिलीने रेघ मारा, जाड सपाट काचेवर 150 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि सॅडल उभं धरून एकाच दिशेने ओढा. मागेपुढे केलं की हात झुलतो आणि तळाला गोलाई येते. रेघेच्या जरा अलीकडे थांबून 220 ने पुरं करा. तुमच्या गिटारमध्ये पिकअप (आवाज स्पीकरकडे पाठवणारी आतली सोय) असेल तर इथे दुप्पट काळजी हवी, कारण सॅडलखाली पिएझोची, म्हणजे तारांची कंपनं टिपणारी पट्टी असते आणि तळ एका ठिकाणी जरी पोकळ राहिला तरी त्या तारेचा आवाज स्पीकरमधून क्षीण येतो. घरी कळत नाही, स्टेजवर कळतं. ब्रिजच्या वर सॅडल निदान 3 मिमी दिसत राहिलं पाहिजे. त्याहून बुटकं झालं तर तार त्यावर नीट दाबून बसत नाही आणि आवाज बसतो.

सूर दाबल्यावर किती चढतो ते शेवटी बघा: बाराव्या फ्रेटवर हलकं बोट ठेवून हार्मोनिक वाजवा आणि मग तिथेच तार दाबून वाजवा. ट्युनरवर दोन्हींत पाच सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आत फरक असेल तर अकूस्टिक गिटारकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

आल्बमसोबत सूर न जुळण्याचं कारण गिटारमध्ये असेलच असं नाही. टेपवर ध्वनिमुद्रित झालेली बरीच जुनी गाणी टेपच्या वेगामुळे 440 हर्ट्झच्या ए ला धरून नसतात, थोडी चढी किंवा उतरलेली असतात. काही आल्बमांत गिटार मुद्दाम अर्धा सूर खाली लावलेली असते. गाण्याचा षड्ज आधी शोधा, मग ट्युनरचं कॅलिब्रेशन एकेक हर्ट्झने बदलून बघा. 440 वरून 442 केलं की सूर जवळजवळ 8 सेंट चढतो, तेवढा फरक दोन वाद्यं एकत्र वाजताना स्पष्ट ऐकू येतो.

हेच मंडळाच्या कार्यक्रमात लागेल. तिथे सूर पेटीचा असतो, गिटारचा नाही, कारण पेटी जागेवर ट्यून करता येत नाही. पेटीवाल्याला पांढरी सहा दाबून धरायला सांगा, तो ए आहे. ट्युनरने जो आकडा दाखवला तो कॅलिब्रेशनमध्ये घाला आणि त्यावर सहाही तारा लावा. गायक पट्टी सांगतील ती अशी बसवा: काळी एक म्हणजे सी शार्प, कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि सी च्या कॉर्ड. काळी दोन म्हणजे डी शार्प, कॅपो पहिल्यावर आणि डी च्या कॉर्ड, किंवा तिसऱ्यावर आणि सी च्या. पांढरी चार म्हणजे एफ, कॅपो तिसऱ्यावर आणि डी च्या. काळी पाच म्हणजे ए शार्प, कॅपो तिसऱ्यावर आणि जी च्या, किंवा पहिल्यावर ए च्या. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावा, मधोमध नाही, आणि लावल्यावर परत ट्यून करा. कॅपो तारा थोड्या चढवतोच, तारा उंच असतील तर जास्तच.

कार्यक्रमाच्या दिवशी नव्या तारा लावू नका. दोन-तीन दिवस आधी लावा. जादा पहिली आणि तिसरी तार जवळ ठेवा: पहिली सगळ्यात बारीक, आणि तिसरीच्या आतला गाभा वेटोळ्यांच्या मानाने फार बारीक असतो म्हणून तीही पटकन तुटते. मांडवात पोचल्यावर अर्धा तास आधी केस उघडून गिटार तिथल्या हवेला येऊ द्या, मग ट्यून करा. उलट गार एसी गाडीतून उतरला असाल तर केस बंदच ठेवून अर्धा तास थांबा, नाहीतर गार तारांवर आणि लाकडावर दव धरतं. पिकअप असेल तर 9 व्होल्टची नवी बॅटरी घाला. केबल खोचलेली असली की आतला प्रीअ‍ॅम्प चालूच राहतो, तेव्हा तालमीनंतर केबल काढून ठेवा. स्पीकरमधून घुमायला लागलं तर आधी बास कमी करा आणि साउंडवाल्याला लो कट द्यायला, म्हणजे अगदी खालचे सूर कापायला सांगा. मोठ्या आकाराच्या अकूस्टिक बॉडीतली हवा 100 हर्ट्झच्या जवळपास घुमते, म्हणजे जाड तारेचा तिसरा फ्रेट दाबल्यावर जो जी येतो त्याच्या आसपास. त्या सुरावरच हुंकार उठतो. ध्वनिछिद्राला रबरी झाकण लावलं की तो बराच आटोक्यात येतो.

थोडक्यात वेळापत्रक: आज कागदाची पट्टी आणि मापक, पंधरा दिवस केसमध्ये सिलिका जेल, नव्या तारा, मग ट्रस रॉड आणि नट. सॅडलचा निर्णय ऑगस्टच्या मध्यावर. तेव्हा मला चार आकडे कळवा: केसमधली आर्द्रता, सातव्या फ्रेटवरची फट, पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती कागद जातात, आणि बाराव्या फ्रेटवर दोन्ही कडांच्या तारांखालची उंची. ब्रिजच्या वर सॅडल किती मिमी दिसतं तेही लिहा. त्यावरून नवं सॅडल किती घासायचं ते सांगता येईल.